सेरो असूलची भिंत: सान होसे देल ग्वाविआरेच्या एका भेटीचा प्रकरण अभ्यास

आत्या ६४ वर्षांची आहे. सारी नोकरी तिनं चित्रकला शिकवण्यात घालवली. उजवा गुडघा झिजलेला. चढ ती चढते, उतार आला की चेहरा पडतो. कोलंबियातली शैलचित्रं बघायची हे तिनं दोन वर्षांपूर्वीच मनाशी पक्कं केलं होतं आणि सोबत कोण येणार हेही तिनंच ठरवून टाकलं होतं. मला स्पॅनिश बऱ्यापैकी येतं, त्यामुळे जुळवाजुळव माझ्याकडे आली. हातात पाच दिवस, महिना नोव्हेंबरचा.

ही भेट मी प्रकरण म्हणून सविस्तर लिहितोय, कारण घरून आखून नेलेला बेत पहिल्याच संध्याकाळी मोडला. त्या जागी जो उभा राहिला तो आम्हाला नकाशा बघून कधीच सुचला नसता. वयस्कर माणसाला घेऊन अशा ठिकाणी निघणाऱ्याला त्यातलं काही कामी येईल.

गाव कुठलं, कसं

सान होसे देल ग्वाविआरे ही ग्वाविआरे प्रांताची राजधानी. बोगोटाहून विमानानं साधारण तासाभरात पोचता येतं. रस्त्यानं विय्याविसेन्सियोवरून सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे बसमध्ये अख्खी रात्र. गुडघ्याचा विचार करून आम्ही विमान घेतलं. बोगोटा २,६०० मीटर उंचीवरचं, गारठ्याचं शहर. तिथून निघून इथं विमानाचं दार उघडलं की ओली ऊब एकदम अंगावर येते.

गावाला लागूनच ग्वाविआरे नदी वाहते. रुंद, चहात दूध जास्त झाल्यासारखी गढूळ. ग्वायाबेरो आणि आरिआरी या दोन नद्यांच्या संगमातून ती तयार होते. दोन्ही अँडीजमधून उतरतात, म्हणून तिच्या पाण्यात डोंगराचा गाळ असतो. माहितीपत्रकं या भागाची ओळख ॲमेझॉन म्हणून करून देतात. जंगल आहेही ॲमेझॉनचं, पण ही नदी मात्र ओरिनोकोला जाऊन मिळते. उत्तरेला यानोसची गवताळ मैदानं, दक्षिणेला वर्षावन आणि मध्ये गयाना ढालप्रदेशाचे फार जुने खडक जमिनीतून वर आलेले. त्याच खडकांची एक रांग म्हणजे ला लिंदोसा. चित्रं तिच्या कड्यांवर आहेत.

कड्यांवरची चित्रं इतकी वर्षं जगापासून लांब राहिली याचं कारण गावाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इथं कोकाची, म्हणजे ज्याच्या पानांपासून कोकेन करतात त्या झुडपाची, शेती पसरली. जमिनीच्या शोधात देशभरातून आलेले गरीब शेतकरी तिच्यावर जगले. मग फार्क या गनिमी संघटनेचा हा बालेकिल्ला झाला. जुलै २००८ मध्ये लष्करानं बनाव रचून अध्यक्षपदाच्या उमेदवार राहिलेल्या इंग्रिद बेतांकूर यांच्यासह १५ ओलिसांची सुटका केली, तीही याच प्रांतात, आणि हेलिकॉप्टरनं त्यांना आणलं ते याच गावी. २०१६ मध्ये सरकार आणि फार्क यांच्यात शांतता करार झाला, त्यानंतर बाहेरच्यांसाठी ला लिंदोसाची वाट खुली होत गेली. २०१८ मध्ये कोलंबियाच्या मानवशास्त्र आणि इतिहास संस्थेनं डोंगररांगेला संरक्षित पुरातत्त्व क्षेत्राचा दर्जा दिला. पण करारानंतर जंगलतोडही वाढली. फार्कचे लोक निघून गेले तशा रिकाम्या झालेल्या जमिनी गुरांसाठी साफ होऊ लागल्या. गावाबाहेर पडलं की कुंपणं, पांढरी गुरं आणि मध्येच जळके बुंधे दिसतात. हे बघायची मनाची तयारी ठेवूनच जावं. फार्कमधून फुटलेले सशस्त्र गट ग्रामीण भागात आजही आहेत, म्हणून कुठल्या दिवशी कुठली वाट धरायची हे तिथल्या माणसाला विचारल्याखेरीज ठरवू नये.

नेलेला बेत

बोगोटातल्या एका एजन्सीकडून आम्ही पाच दिवसांचा कार्यक्रम घेतला होता. त्यात आठ ठिकाणं होती: सेरो असूल (चित्रांची भिंत असलेला डोंगर), नुएवो तोलिमा (तिथंही शैलचित्रं), ग्वायाबेरोचा धावता प्रवाह, ओरिओनचं दार, दगडी शहर, नैसर्गिक कुंडं, गुलाबी डॉल्फिनचं तळं आणि ‘चिरिबिकेते दर्शन’. शेवटच्या दोन शब्दांवर आत्या भाळली होती.

चिरिबिकेते राष्ट्रीय उद्यान १९८९ मध्ये स्थापन झालं. २०१८ मध्ये ते वाढवून सुमारे ४३ लाख हेक्टर केलं गेलं आणि त्याच वर्षी युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या कड्यांवर ७५,००० हून जास्त आकृत्या आहेत. मात्र पर्यटकांना आत पाऊल टाकता येत नाही. बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवणारे लोक त्या जंगलात राहतात, आणि त्यांना तसंच राहू देणं हा बंदीमागचा मोठा हेतू आहे. सान होसेहून छोट्या विमानातून वरून एक फेरी मारता येते, तेवढीच. एजन्सीच्या कागदावर हे होतं, पण चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. शिवाय आकाश मोकळं असेल आणि विमान भरण्याइतकी माणसं जमली तरच. आमच्या वेळी दोन्ही जमलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

उतरलो त्या संध्याकाळी आमची मार्गदर्शक भेटायला आली. साधारण चाळिशीची, सेरो असूलच्या वाडीतल्या शेतकऱ्याची मुलगी. तिनं कार्यक्रमाचा कागद वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि आत्याला म्हणाली, “दोन्या, जरा पायऱ्या उतरून दाखवता?” (दोन्या म्हणजे बाईसाहेब.)

अंगणाच्या चार पायऱ्या होत्या. आत्या कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरली. बाईनं मान हलवली आणि मला तीन प्रश्न विचारले: रोख पेसो किती आहेत, पाचवा दिवस रिकामा सोडता येईल का, आणि या आठांतलं एकच बघायला मिळालं तर कुठलं हवं?

मी आत्याकडे बघितलं. “भिंत,” ती म्हणाली. “बाकीचं तू बघ.”

माझ्या मते या भेटीतला खरा निर्णय त्या मिनिटाला झाला. बाईनं दोन दिवस सेरो असूलचं नावच काढलं नाही. आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता आणि वाडीची वाट चिकणमातीची. दोन कोरडे दिवस मिळाले की तिसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, असं तिनं ठरवलं. तोवर गावाजवळची, सपाटीवरची ठिकाणं. डॉल्फिनचं तळं नदीनं काही तासांवर, होडीत उकिडवं बसून, म्हणून ते कापलं. मला थोडं वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

भिंतीपाशी

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पिकअपनं निघालो. दोन तास कच्चा रस्ता. वाडीतल्या एका घरी वहीत नावं लिहिली, तिथंच प्रवेशाचे आणि वाटाड्याचे पैसे रोख दिले. हे पैसे वाडीतल्या कुटुंबांत जातात. कार्ड वगैरे इथं चालत नाही, नेटवर्कही नाही. या भागातल्या कितीतरी घरांनी एके काळी कोका लावला होता. आता पाहुण्यांसाठी कोंबडीचं सान्कोचो (दाटसर रस्सा) शिजवायचं आणि पायवाटा साफ ठेवायच्या, हा जोडधंदा आहे.

नेहमीचा फेरा डोंगराला वळसा घालतो. वटवाघळांच्या बोगद्यासारख्या गुहेतून जातो आणि माथ्यावरून दूरवरचं जंगल दाखवतो. आमच्यासाठी बाईनं फेरा मोडून सरळ जा-ये केली: चढायचं ते थेट चित्रांपर्यंत आणि त्याच वाटेनं परत. माथा नाही, गुहा नाही. त्या बदल्यात भिंतीपुढे दोन तास.

झाडी संपते आणि कडा एकदम समोर उभा राहतो. पहिल्यांदा फक्त गंजासारखा लाल रंग दिसतो. डोळे स्थिरावले की तो सुटा होत जातो: हरणं, कासवं, पक्षी, सरडे, हात वर केलेल्या माणसांच्या रांगा, नागमोडी रेघा, जाळ्या, ठिपके. सेरो असूलवर संशोधकांनी ड्रोननं टिपून ३,२०० हून जास्त आकृत्या मोजल्या आहेत. सगळ्यांत लांब फलक सुमारे ४० मीटर लांब आणि १० मीटर उंच आहे. त्या एकट्यावर हजारावर आकृत्या आहेत. आकडा ठाऊक असूनही मी पुढ्यात उभा राहिलो तेव्हा तो मला काही कामाचा वाटला नाही.

आत्यानं घडीची खुर्ची मांडली आणि दहा मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, ही एका माणसाची कामं नाहीत. ते हरीण बघ. एका दमात काढलंय, पाठीपासून शेपटीपर्यंत हात उचललेला नाही. त्याच्या शेजारचं बघ, तीनदा थांबलाय.” तिनं बोट हवेतच फिरवून दाखवलं. एका ठिकाणी रंग संपत आला तशी रेघ विरळ झाली होती आणि पुढे पुन्हा गडद. तिथं काढणाऱ्यानं रंग पुन्हा घेतला असणार. हे मला एकट्यानं सात जन्मांत दिसलं नसतं. लालावर लाल चढलेलं होतं. जुन्या, फिकट आकृत्यांच्या अंगावरून नव्या गेलेल्या. काही हातांचे ठसे होते. त्यातला एक अगदी लहान होता, त्याच्याकडे आत्या पुन:पुन्हा बघत राहिली.

रंग लोहयुक्त गेरूचा. फलकांचे काही भाग इतके उंच आहेत की खालून दुर्बिणीखेरीज कळत नाहीत. तिथवर पोचले कसे? चित्रांतच शिडीसारखे, मनोऱ्यासारखे आकार आहेत आणि त्यांच्यावर माणसं. लाकडी परांची बांधून काढत असावेत, असं काही अभ्यासक त्यावरून मानतात.

वयाबद्दल बाई फार सावधपणे बोलली, ते मला आवडलं. कड्यांच्या पायथ्याशी उत्खननं झाली, तिथल्या थरांवरून माणसाचा वावर सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेता येतो, आणि त्या थरांत गेरूचे तुकडेही सापडले. पण भिंतीवरच्या रंगाचं थेट वय ठरलेलं नाही. काही आकृत्यांत संशोधकांना हिमयुगातले नामशेष प्राणी दिसतात: महाकाय स्लॉथ, हत्तीच्या जातीचा मास्टोडॉन, त्या काळचा घोडा. दुसऱ्यांच्या मते तोच घोडा स्पॅनिशांबरोबर आलेला, म्हणजे चित्र जेमतेम काही शतकांचं. “घोडा कुठला ते मी सांगत नाही,” बाई म्हणाली. “दोघांचं काय म्हणणं आहे ते सांगते. तुम्ही बघा.”

उत्खननात माशांची हाडं खूप मिळतात, चित्रांत मासे क्वचितच. जंगलाचा राजा जॅग्वार, त्याची जात तर चित्रांत जवळपास नाहीच. म्हणजे ही भिंत कालच्या जेवणाची यादी नव्हे. काय काढायचं आणि काय काढायचं नाही, याचे काही नियम असणार. अर्धा माणूस, अर्धा प्राणी अशाही आकृत्या आहेत. अलीकडे संशोधकांनी देसाना, मातापी, हीव अशा समाजांतल्या जाणत्या माणसांना कड्यांपाशी नेऊन त्यांचं म्हणणं ऐकलं. त्यांच्या बोलण्यात या आकृत्या रूपांतराच्या आहेत, माणसाच्या आणि प्राण्याच्या जगामधल्या येण्याजाण्याच्या. भिंत त्यांना चित्राची पाटी वाटत नाही, ती पलीकडे जायची जागा वाटते. आत्यानं हे नीट ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ एका मनुष्यपक्ष्याकडे बघत बसली.

इथं मला एका गोष्टीचा राग आहे आणि तो लिहायलाच हवा. २०२० च्या अखेरीस ‘ॲमेझॉनमध्ये नव्यानं शोध लागला’ अशा मथळ्यांनी या चित्रांची बातमी जगभर गेली. शोध कसला? आदिवासींना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शेतकऱ्यांच्या वाडीला ती अंगणातली. ग्वायाबेरोकाठच्या चित्रांबद्दल फ्रेंच प्रवासी आलँ गेरब्राँनं १९५० च्या सुमारास लिहिलं होतं आणि कोलंबियातले अभ्यासक त्यावर कित्येक दशकं काम करत होते. त्यांनी तेव्हा जाहीरपणे नाराजी नोंदवली. नवी होती ती उत्खननं आणि कालमापनं, आणि ती खरंच मोलाची आहेत. आमच्या बाईचे वडील मात्र गुरं शोधत फिरताना पावसात याच कड्याखाली थांबायचे. त्यांनी भिंतीला कधी हात लावला नाही, पोरांना लावू दिला नाही.

भिंतीपुढचे नियम सोपे आहेत: हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, पायवाट सोडायची नाही. पूर्वी फोटोत रंग उठून दिसावा म्हणून चित्रं ओली करायची वाईट सवय जगात अनेक ठिकाणी होती. त्यानं रंगाला कायमची इजा होऊ शकते.

उतार कठीणच गेला. धडधाकट माणूस अर्ध्या तासात उतरेल तिथं आम्हाला दीड तास लागला. दोन ठिकाणी आत्या चक्क बसून, मुळं धरून खाली सरकली. बाई तिच्या एक पाऊल पुढे, पाठमोरी, खांदा तिच्या हाताखाली देऊन. मी मागे फक्त खुर्ची धरून होतो. वाडीत पोचल्यावर आकाश भरून आलं. फेरा पूर्ण करायचा हट्ट धरला असता तर तो पाऊस आम्हाला माथ्यावर गाठता.

गावाजवळचं

पहिल्या दोन दिवसांत ओरिओनचं दार आणि दगडी शहर बघितलं. झिजून झिजून खडकांच्या गल्ल्या झाल्यात आणि एका ठिकाणी दाराच्या चौकटीसारखी आरपार पोकळी. चालणं थोडं, सावली जेमतेम. सकाळी आठच्या आत उरकावं.

चौथ्या दिवशी त्रान्किलान्दियाचा ओढा. हा पाहण्यासाठीच आम्ही नोव्हेंबर धरला होता. पाणवनस्पतीचं नाव माकारेनिया क्लाविजेरा. ती खडकाला चिकटून, वाहत्या, उथळ, स्वच्छ पाण्यात वाढते. ऊन मिळालं तिथं लाल-गुलाबी, सावलीत हिरवी. कोरड्या महिन्यांत पाणी आटलं की ती वाळते, आणि पाणी फार चढलं तर रंग खाली दडून राहतो. साधारण जून ते नोव्हेंबर तिचे दिवस. गढूळ ग्वाविआरेत ती जगणार नाही. तिला खडकांतून झिरपून आलेलं नितळ पाणीच हवं. अंगाला मच्छरांचं मलम किंवा सनस्क्रीन लावून पाण्यात उतरायचं नाही, हे बाईनं आदल्या रात्रीच बजावलं होतं. म्हणून आम्ही लांब बाह्यांचे कपडे घालून गेलो. आत्यानं काठावरच्या सपाट खडकावर बसून पाय पाण्यात सोडले आणि वही काढली. भिंतीपुढे तिनं एकही रेघ ओढली नव्हती. इथं मात्र दुपारपर्यंत पानं भरली.

संध्याकाळी गावात नुकाक कुटुंबं दिसली. नुकाक हे या जंगलातले भटके लोक. १९८८ मध्ये त्यांचा एक गट कालामार गावी आला आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा नियमित संबंध सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत फ्लूसारख्या श्वसनाच्या आजारांनी त्यांच्यातले कितीतरी जण गेले. मग युद्धानं आणि कोकाच्या शेतीनं अनेकांना त्यांच्याच राखीव जंगलातून हुसकावलं. एक पर्यटक फोन उगारून त्यांच्याकडे निघाला होता. आमच्या बाईनं त्याला मध्येच गाठून शांतपणे थांबवलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण त्यानं फोन खिशात टाकला.

हिशेब

आठांतली चार ठिकाणं झाली: भिंत, दार, दगडी शहर आणि ओढा, जो कागदावर ‘नैसर्गिक कुंडं’ या नावाखाली होता. एजन्सीच्या पैशांतले निम्म्याहून जास्त वाया गेले. पुन्हा आखायचं झालं तर विमान आणि खोली सोडून काहीच आधी घेणार नाही. गावात पोचून स्थानिक मार्गदर्शकाशी बोलेन आणि पैसे तिला आणि वाडीला थेट देईन. पाचवा दिवस रिकामा ठेवला होता म्हणूनच तिसऱ्यापर्यंत थांबायची हिंमत झाली. तो आत्यानं पाय उशीवर ठेवून, नदीच्या धक्क्यावरच्या खुर्चीत काढला. पीतज्वराची लस आम्ही आधीच घेतली होती, तीही घ्यावीच.

महिन्याचा पेच मात्र सुटत नाही. कड्यांच्या वाटेला डिसेंबर ते फेब्रुवारीचा कोरडा काळ उत्तम, ओढ्याच्या रंगाला पाऊस हवा. नोव्हेंबरात आम्हाला दोन्ही थोडं थोडं मिळालं आणि दोन्हींत थोडं कमी पडलं. चढाईची वाट अजून ओली होती आणि ओढ्यातली लाली काठाकाठानं विटायला लागली होती. ज्याचा गुडघा धड आहे त्यानं ऑगस्ट-सप्टेंबरात जायला हरकत नाही.

आत्याचं म्हणणं, आता फेब्रुवारीत जायचं आणि नुएवो तोलिमाचा फलक बघायचा. बाईला तिनं निरोप धाडलाय. उत्तर आलं: येण्याआधी दोन महिने रोज पायऱ्या उतरायचा सराव करा, दोन्या.